जगात जर्मनी, पंपावर परभणी

‘जगात जर्मनी, देशात परभणी’ ही म्हण कुणी काढली आणि का काढली, हे परभणीत कुणालाच धड सांगता येत नाही. लहानपणी आम्ही ती छाती काढून म्हणायचो आणि पाहुण्यांनी ‘म्हणजे काय?’ असं विचारलं की चहाचं बघायला आत जायचो. पुढं २०१८ साल उजाडलं. पेट्रोल चढत चढत सप्टेंबरात नव्वदीला टेकलं आणि ही नव्वदी बघण्याचा मान देशात ज्या मोजक्या गावांना सगळ्यांत आधी मिळाला, त्यांत आमची परभणी होती. टीव्हीवाले कॅमेरे घेऊन आले. ज्या गावात नळाला पाणी आलं नाही म्हणून कधी कॅमेरा आला नाही, तिथं पंपावरचं पोरगं नोझल हातात धरून मुलाखती देऊ लागलं. ‘सर्वांत महाग पेट्रोल परभणीत’ अशी पट्टी पडद्याच्या तळाशी सरकताना बघितली आणि म्हणीचा अर्थ एकदाचा लागला.

हे वैभव फार टिकलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये राजस्थानातल्या श्रीगंगानगरनं साध्या पेट्रोलची शंभरी आमच्या आधी गाठली. आमच्या शेजारी राहणारे निवृत्त तलाठी, ज्यांना सगळी गल्ली तात्या म्हणते, त्या दिवशी खरोखर खट्टू झाले होते. “एवढं एक होतं आपल्याकडं, तेबी गेलं,” म्हणाले आणि पेपराची घडी घालून मांडीखाली ठेवली.

आता परभणीतच पेट्रोल महाग का, याचं उत्तर साधं आहे. आमचं पेट्रोल पर्यटन करून येतं. मुंबईला माहुलच्या रिफायनरीतून ते पाइपलाइननं मनमाडला येतं, तिथं पानेवाडीच्या डेपोत टँकरमध्ये बसतं, मग येवला बघत, वैजापूर बघत, छत्रपती संभाजीनगराच्या गर्दीत अडकत, जालन्याला ड्रायव्हरबरोबर चहा पीत जवळजवळ तीनशे किलोमीटरांचा प्रवास करून आमच्या दारी पोचतं. या सहलीचं भाडं आम्ही देतो. मुंबईला आणि ठाण्याला जुलै २०२४ पर्यंत पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट होता, आम्हाला २५. म्हणजे कागदावर सरकारनं आम्हाला एका टक्क्याची मेहेरबानी केलेली होती. ती मेहेरबानी वैजापूरच्या अलीकडेच संपत असावी. पुढं मुंबईचाही २५ झाला आणि तेवढंही राहिलं नाही. माझा मुंबईचा मेव्हणा दर दिवाळीला इथं येतो आणि गाडीत पेट्रोल भरताना भाव बघून म्हणतो, “अरेच्चा, इथं सगळं स्वस्त असतं ना?” भाजी स्वस्त असते, बाबा. भाजी इथंच पिकते.

बाकी भाववाढीचं दुःख पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पूर्वी भाववाढ वाजतगाजत यायची. संध्याकाळच्या बातम्यांत सांगायचे, ‘मध्यरात्रीपासून पेट्रोल दीड रुपयानं महाग’. जेवण अर्धवट टाकून माणसं पंपाकडं धावायची. जिंतूर रोडला रांग लागायची, ती रस्त्यावर येऊन वळायची. त्या रांगेत दीड-दोन तास स्कूटर चालू-बंद, चालू-बंद करत, पुढच्याला शिव्या देत आणि मागच्याला अर्थशास्त्र समजावत माणसं साडेअकराला टाकी फुल्ल करून घरी यायची. चेहऱ्यावर सात-आठ रुपये वाचवल्याचा विजय असायचा. चेतक स्कूटरची टाकी होती केवढी, आणि रांगेत जळलं किती, हा हिशेब कुणी केला नाही. करायचाही नसतो. सरकारवर मात केल्याचं समाधान लिटरमध्ये मोजत नाहीत.

१६ जून २०१७ पासून तेही गेलं. भाव रोज सकाळी ६ वाजता बदलू लागले. पेट्रोलचे भाव सरकारनं २०१० सालीच मोकळे केले होते, डिझेलचे २०१४ साली, पण ते मोकळे झालेत हे खरं कळलं ते या सकाळच्या सहा वाजल्यापासून. एकदम दोन रुपये वाढले तर मोर्चा निघतो. रोज अठरा पैसे वाढले तर काय काढायचं? ‘अठरा पैशांचा निषेध असो’ ही घोषणा द्यायला गळ्यातून आवाजच फुटत नाही. चार आणे आणि त्याखालची नाणी २०११ साली रद्द झाली. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं चालतं म्हणतात, पण आमच्या गुजरीत ते भिकारीही परत करतो. पैसा हा प्रकार या देशात आता एकाच ठिकाणी जिवंत आहे, तो म्हणजे पेट्रोल पंपाचा बोर्ड. आमच्या राज्याचा कर बघा: पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागं ५ रुपये १२ पैसे. हे बारा पैसे कुणी काढले असतील? मंत्रालयात एखाद्या दुपारी कुणीतरी म्हणालं असेल, ‘पाच रुपये ठेवू’, आणि दुसरा म्हणाला असेल, ‘राउंड फिगर बरी दिसत नाही, साहेब’.

साहेबांना हे कळतं, तर गिऱ्हाइकाला का कळू नये? पंपावर जरा उभं राहून बघा. शंभरचं पेट्रोल कुणी मागत नाही. एकशे दहाचं मागतात, दोनशे दहाचं मागतात, एक गृहस्थ मी एकशे सत्तावीसचं मागताना ऐकलेत. मशिनमध्ये शंभर-दोनशेच्या आकड्यांवर ‘सेटिंग’ असतं, अशी अखिल महाराष्ट्राची ठाम श्रद्धा आहे. म्हणजे मापात मारायला बसलेला माणूस इतका हुशार, की त्यानं मशिनच्या पोटात शिरून कारस्थान केलं, आणि इतका भोळा, की त्याला एकशे दहाचा आकडा सुचला नाही. पण ही श्रद्धा बोलून दाखवायची नसते. नुसतं गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, “एकशे दहा.” पंपावरचं पोरगंही तितक्याच गंभीर चेहऱ्यानं म्हणतं, “झिरो बघा काका.”

मग काका झिरो बघतात. झिरो बघणं हा आपल्याकडं आचमनासारखा विधी आहे. केला नाही तर पुढचं कर्म फुकट. झिरो बघून झाल्यावर एक डोळा मशिनवर आणि एक नोझलवर ठेवायचा, मध्येच पोरानं ‘कार्ड का कॅश’ विचारलं तर तो आपलं लक्ष विचलित करतोय असं समजून उत्तर द्यायचं नाही. आकडा थांबला की नोझल बाहेर काढायच्या आत “झटक, झटक जरा” म्हणायचं. मग तो नोझल टाकीच्या तोंडावर टकटक आपटतो आणि तीन थेंब पडतात. ते तीन थेंब बघताना माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो पगाराच्या दिवशीही येत नाही. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं, हा नियम सगळ्यांना माहीत आहे. ते माप मागितलेला माणूस मी आजवर पाहिला नाही. माप मागितलं, ते बरोबर निघालं, तर पुढं आयुष्यभर बोलायचं कशावर?

भावाचं एवढं असतं, पण कराचं म्हणाल तर तो खास तात्यांचा विषय. हयात सातबारे लिहिण्यात गेल्यामुळं कुठली नोंद कुठून आली आणि का गेली नाही, हे त्यांना बरोबर कळतं. त्यांच्या मते पेट्रोलचा एक लिटर म्हणजे वादातली जमीन. मालक वेगळा, कसणारा वेगळा, आणि इतर हक्कात इतकी नावं की रकाना पुरत नाही.

“दुष्काळाची नोंद बघा,” ते म्हणतात. ही खरी गोष्ट आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारनं दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागं दोन रुपये लावले. आम्ही मराठवाड्याची माणसं, दुष्काळ आमचाच, नाही कसं म्हणणार? पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पुढच्या पावसाळ्यात धो धो पाऊस झाला, नद्यांना पूर आले, दुष्काळ पुसला गेला. दोन रुपये तसेच राहिले. “फेरफार झालाच न्हाई,” तात्या म्हणतात.

त्याहून रसाळ नोंद २०१७ ची. महामार्गापासून ५०० मीटरांच्या आतली दारूची दुकानं बंद करा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. एप्रिलपासून दुकानं बंद झाली, राज्याच्या तिजोरीला खड्डा पडला. तो बुजवायला त्याच एप्रिलात पेट्रोलवरचा अधिभार लिटरमागं तीन रुपयांनी वाढवण्यात आला. म्हणजे पिणाऱ्यानं प्यायचं थांबवलं आणि भुर्दंड न पिणाऱ्याला बसला. आमच्या कॉलेजात एक सहकारी होते, सुपारीच्या खांडालासुद्धा न शिवणारे. त्यांनी तो महिना अत्यंत वाईट काढला. “मी रोज कॉलेजला येता-जाता पितोय, सर,” ते म्हणायचे, “आणि घरी वासही येत नाही.” पुढं नियम सैल होऊन शहरांतली दुकानं उघडली. अधिभाराची आठवण कुणी काढली नाही.

हे झालं राज्याचं. केंद्राचा हात याहून मुलायम आहे. २०१४ च्या मध्यावर कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, ते २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरच्याही खाली आलं. आमच्या भोळ्या गणितानं पेट्रोल पस्तीस-चाळीसला यायला हवं होतं. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात अबकारी कर नऊ वेळा वाढला आणि भाव फारसा न उतरता जवळजवळ स्थिर राहिला. स्थैर्य फार महत्त्वाचं असतं. मग एप्रिल २०२० मध्ये तर कमालच झाली. अमेरिकेत तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्या खाली गेला. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घेऊन जा, अशी पाळी. आम्ही टाळेबंदीत घरात बसलो होतो, मोटारसायकलीवर गादी वाळत घातली होती. तात्यांनी गच्चीवरून मला विचारलं, “सर, आपल्याकडं कधी देतेत पैसे?” मे महिन्यात उत्तर आलं. पेट्रोलवरचा कर दहा रुपयांनी वाढला, डिझेलवरचा तेरा. गाडी बाहेरच काढायची नव्हती, त्यामुळं कुणाला लागलं नाही. भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचा हाच फायदा.

मे २०२२ मध्ये केंद्राचा कर कमी होऊन पेट्रोलवर १९ रुपये ९० पैसे उरला. तात्यांनी त्याची फोड एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागं लिहून ठेवली आहे, ती ते येईल त्याला दाखवतात. मूळ अबकारी कर १ रुपया ४० पैसे. विशेष अतिरिक्त ११ रुपये. रस्त्यांसाठी ५ रुपये. शेतीच्या पायाभूत सुविधांसाठी अडीच रुपये. यातली गंमत अशी, की राज्यांना जो वाटा मिळतो तो फक्त मूळ करातून, म्हणजे त्या एक रुपया चाळीस पैशांतून. बाकीच्या रकमेवर सेस किंवा अधिभार असा शिक्का असतो आणि तो मारला की वाटणीचा प्रश्नच येत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात तो शेतीचा उपकर आला तेव्हा भाव वाढला नाही, कारण दुसऱ्या नावाचा कर तेवढाच कमी केला. पैसा या खिशातून काढून त्या खिशात ठेवला. त्या खिशाला फक्त राज्यांचा हात पोचत नाही. आणि डिझेलवर हाच शेतीचा उपकर अडीच नव्हे, चार रुपये. आमच्या मानवतचा कापूसवाला शेतकरी ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरतो आणि स्वतःच्याच कल्याणासाठी लिटरमागं चार रुपये देतो. एवढं स्वावलंबन गांधीजींनाही अपेक्षित नसेल.

याच्यावर राज्य काय म्हणतं? राज्य म्हणतं, आधी आमची थकबाकी द्या. २७ एप्रिल २०२२ ला पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत महाराष्ट्रासह काही राज्यांचं नाव घेऊन सांगितलं की आम्ही नोव्हेंबरात कर कमी केला, तुम्ही केला नाहीत. मुंबईहून त्याच दिवशी उत्तर गेलं की जीएसटीचे आमचे हजारो कोटी तुमच्याकडं अडकलेत. दोघांचंही खरं होतं, हा या वादातला सगळ्यांत वैतागाचा भाग. पुढच्या महिन्यात राज्यानं पेट्रोल २ रुपये ८ पैशांनी कमी केल्याचं जाहीर केलं. विरोधक म्हणाले, ही कपात नाहीच, केंद्राचा कर उतरल्यावर तुमचा टक्का आपोआप उतरला. यात तथ्य होतं, कारण राज्याचा व्हॅट केंद्राच्या करावरही लागतो. करावर कर. जूनअखेर सरकार बदललं आणि जुलैत नव्या सरकारनं पाच रुपये कमी केले. मग आदल्या सरकारातले म्हणाले, हे आम्ही करणारच होतो. राजकारणात पेट्रोल स्वस्त करण्याची तीव्र इच्छा माणसाला नेमकी खुर्ची गेल्यावर होते. आजचं नाही हे. १९७३ साली अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या भाववाढीच्या निषेधात बैलगाडीतून संसदेत गेले होते. तो फोटो आजही फिरतो, फक्त तो फिरवणारा पक्ष बदलला आहे. पेट्रोल जीएसटीत आणा ही मागणीही तशीच, विरोधी बाकावर ठेवलेली. जो बसेल त्यानं उचलायची, उठताना परत ठेवायची. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला जीएसटी परिषदेत विषय निघाला होता. एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या राज्यांचं, ही वेळ योग्य नव्हे, यावर मात्र चटकन जमलं.

भाव कधी वाढणार हे ओळखायला तात्यांना कच्च्या तेलाचा भाव लागत नाही. ते निवडणूक आयोगाकडं बघतात. कंपन्या भाव स्वतंत्रपणे ठरवतात हे अधिकृत सत्य आहे आणि त्यावर आमचा विश्वास आहे. २०१८ मध्ये कर्नाटकात मतदान होईपर्यंत या स्वतंत्र कंपन्यांना १९ दिवस काहीच सुचलं नाही. मतदान १२ मेला झालं, १४ ला सुचलं. नोव्हेंबर २०२१ पासून उत्तर प्रदेशाची निवडणूक पार पडेपर्यंत तर १३७ दिवस भाव हलला नाही, तेल मात्र युक्रेनच्या युद्धामुळं शंभर डॉलरच्या पलीकडं जाऊन आलं. निकाल लागला, आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत चौदा वेळा, बहुतेक वेळा ऐंशी-ऐंशी पैशांनी, दहा रुपये वाढ झाली. ६ एप्रिलला मुंबईत १२० रुपये ५१ पैसे. “दरसाल निवडणूक पाहिजे,” तात्या म्हणतात, “मत द्यायला जायचं पेट्रोल निघून येतं.”

आता एवढा भाव वाढल्यावर आम्ही काय केलं? निषेध केला. निषेधासाठी सर्व पक्षांनी आपापल्या पाळीला मोटारसायकल रॅली काढली. इंधन दरवाढीच्या निषेधार्थ तीनशे मोटारसायकली शिवाजी पुतळ्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत, पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न वाजवत. वाजपेयींच्या वाटेनं जाणाऱ्यांनी बैलगाडी मोर्चा काढला. बैल खेड्यातले, ते चालत येईपर्यंत पत्रकार निघून जातात, म्हणून बैल पिकअपमध्ये घालून आणले. गाड्या दुसऱ्या पिकअपमध्ये. मोर्चा झाल्यावर बैल परत पिकअपमध्ये चढेनात, त्या खटपटीत दोन्ही गाड्यांचं इंजिन तासभर चालू होतं. बैलांना बहुधा आपली किंमत कळली असावी. चांगली जोडी आज लाखाच्या पुढं जाते.

रॅलीहून घरी आलो, की भाजीच्या फोडणीला कोथिंबीर नसते. कोथिंबीर दोन गल्ल्या पलीकडं. त्यासाठी गाडी काढायची. पायी गेलं तर लोक विचारतात, “काय सर, गाडीला काय झालं?” परभणीत माणूस पायी दिसला की त्याची गाडी तरी बिघडलेली असते किंवा साखर तरी वाढलेली असते. कॉलेजात अर्थशास्त्राच्या वर्गात मी मागणीची लवचिकता शिकवायचो. भाव वाढला की मागणी घटते, असा नियम. मिठाला, काडेपेटीला हा नियम लागू नाही, असं पुस्तकात होतं. पुस्तक जुनं होतं, त्यात कोथिंबीर आणायला लागणारं पेट्रोल नव्हतं. दिल्लीत आणि मुंबईत जे कर बसवतात त्यांनी हेच पुस्तक वाचलेलं असतं, आणि वर आमची गल्लीही बघितलेली असते. आपण ओरडतो खूप, पण गाडी काढतोच, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट माहीत आहे. प्राप्तिकर भरताना माणूस सी.ए. गाठतो, पळवाट शोधतो. पेट्रोलचा कर तो स्वतः रांगेत उभा राहून, झिरो बघून, वर “झटक जरा” म्हणून भरतो. असा कर ज्याच्या हाती लागला तो सोडील कशाला?

आणि खरं सांगायचं तर भाववाढीवर गावातल्या निम्म्या लोकांचं बरं चाललेलं आहे. डिझेल वाढलं की रिक्षावाला दहा रुपये वाढवतो, यात गैर काही नाही. भाजीवाली म्हणते, “डिझेल वाढायलंय ना सर,” तेही ठीक, टेम्पो लागतो. पण केस कापणारानं तीस रुपये वाढवले तेव्हा मी विचारलं. तो पंचवीस वर्षं एकाच खुर्चीमागं उभा आहे. “डिझेल,” तो म्हणाला आणि माझी मान खाली दाबली. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी दक्षिणेचा आकडा सांगून वर तेच कारण जोडलं. ते सायकलवर आले होते. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेची निवडणूक जाहीर व्हायच्या तोंडावर, भाव दोन रुपयांनी उतरला. मी दुसऱ्याच दिवशी केस कापायला गेलो आणि ही आनंदाची बातमी दिली. “कुठल्या पंपावर?” असं विचारून त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

सीमेवरच्या लोकांचं मला उगाच कौतुक वाटायचं. २०१२ साली गोव्यात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला आणि तिथं पेट्रोल एकदम अकरा रुपयांनी उतरलं. बांद्याच्या माणसाला पत्रादेवीचा नाका ओलांडला की झालं. कर्नाटकानं नोव्हेंबर २०२१ मध्ये सात रुपये कमी केले, तेव्हा कोल्हापुरातले आमचे साडू निपाणीला जाऊन टाकी भरायचे. निपाणी तिथून चाळीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन ऐंशी. “आणि मग तिथं मिसळ खाऊन परत,” ते अभिमानानं सांगायचे. मिसळीसाठी कोल्हापूर सोडून निपाणीला गेलेला हा जगातला एकमेव मनुष्य. परभणीकराला असा कुठलाच नाका जवळ नाही. आम्ही चहूबाजूंनी महाराष्ट्रानं वेढलेले आहोत.

मध्यंतरी आशा लागली होती ती इथेनॉलची. ऊस आपला, कारखाने आपले, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे वीस टक्के पेट्रोल मराठीच. २०२५ मध्ये देशानं ते वीस टक्क्यांचं उद्दिष्ट ठरल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी गाठलं. पण इथेनॉल मिसळतात डेपोत. म्हणजे गोदाकाठचा ऊस गाळून, त्याचं इथेनॉल करून, टँकरनं पाठवून, पेट्रोलबरोबर लग्न लावून परत आमच्याकडं पाठवणी, असा मामला झाला तर जाण्याचं भाडं निराळं आणि येण्याचं निराळं. गाडीचं ॲव्हरेज मात्र थोडं बसलं, हे सरकारही मान्य करतं. थोडं म्हणजे किती, यावर पुन्हा दोन पक्ष आहेत. तात्यांच्या मते त्यांच्या मोटारसायकलीला चहाऐवजी उसाचा रस पाजायला लागल्यापासून ती दुपारी झोपते.

शेवटी तात्यांच्या मुलानं विजेवरची स्कूटर आणली. गल्लीत पेढे वाटले. तात्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, “आजपासून आपला अन् पेट्रोलचा संबंध संपला. भाव वाढू द्या, पाचशे होऊ द्या.” पुढचा महिनाभर ते मुद्दाम पंपासमोरून जायचे आणि रांगेकडं बघून हात करायचे. महिन्यानंतर वीजबिल आलं. ते घेऊन ते चष्मा लावून माझ्याकडं आले. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क असं वाचत त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“सर, हे काय म्हणायलेत? इंधन समायोजन आकार?”

मी सांगितलं की वीज कोळशावर होते, कोळसा महाग झाला की तो फरक बिलात येतो.

“आपण स्कूटर घेतली विजेची.”

“हो.”

“अन् बिल आलं इंधनाचं.”

“तसंच नाही, तात्या, पण...”

“कोळसा कुठून येतो?”

“परळीला रेल्वेनं येतो, लांबून.”

“भाडं?”

मी गप्प बसलो. तात्यांनी बिलाची घडी घातली, मुलाला हाक मारली आणि आताच्या आता वीज कचेरीत जाऊन तक्रार देतो म्हणाले. मुलगा म्हणाला, स्कूटर चार्जिंगला लावलीय, आणखी तीन तास लागतील. तात्यांनी गोठ्यातली जुनी मोटारसायकल काढली, किक मारली, मारली, पुन्हा मारली. टाकीचं झाकण उघडून आत डोकावले. मग गाडी डाव्या अंगावर पार आडवी केली, हलवली, कान लावून ऐकलं, आणि माझ्या फाटकाशी आले.

“सर, बाटलीभर असंल का?”